लोकमान्यांचे तीन कारावास

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले आणि पुरुषाची निवडही आमच्यावरच टाकली. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र आपल्या घराघरांतील शाळकरी मुलांस थोडेबहुत पाठ असते. शेंगांच्या टरफलांपासून गीतारहस्यापर्यंतचा तो ठरलेला क्रम १ ऑगस्टच्या सभांतून आम्ही उभी नोकरी ऐकला, आणि मुलांकडून वदवूनही घेतला. तोच पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. म्हणून त्या आयुष्यातील तीन तुरुंगवास तेवढे आम्ही येथे सविस्तर सांगणार आहोत. तुरुंगात माणसाकडून कोणते काम करवून घेतात, आणि पुस्तक व लेखणी त्याच्या हाती किती येऊ देतात, याकडे आमचे विशेष लक्ष राहील. या कथेचा आरंभ आपल्या करवीर नगरीच्या निमित्ताने झाला, हे आपल्या मुलांस सहसा ठाऊक नसते.

प्रथम एक खुलासा लहान वाचकांसाठी. १८६० च्या दंडसंहितेने कैदेचे दोन प्रकार ठरविले, साधी कैद आणि सक्तमजुरीची कैद. साध्या कैदेत माणूस नुसता कोंडलेला असतो. सक्तमजुरीत त्यास नेमून दिलेले काम करावेच लागते : दळण दळणे, काथ्या कुटणे, खडी फोडणे, विणकाम, रंगकाम, असे काहीही. त्याहून भयंकर ती जन्मठेप व काळे पाणी. ती जुनी संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा कायदा अमलात आला, तरी साधी आणि सक्त हा भेद त्यातही तसाच ठेवलेला आहे. ही मजुरी इंग्रज सरकारने कोणत्या हेतूने लावली हेही जाणून घेण्यासारखे आहे. मेकॉले ज्या समितीत होते, त्या १८३८ च्या तुरुंग-शिस्तीच्या समितीने कैद्यास शिकवून सुधारण्याची कल्पना जवळजवळ बाजूस सारली होती. काम कंटाळवाणे, एकसुरी आणि नकोसे असावे, म्हणजे शिक्षेची जरब बसेल, असा तिचा अभिप्राय पडला. पुढची ऐंशी वर्षे आपल्या देशातील तुरुंग बहुतांशी त्याच धोरणावर चालले, आणि टिळकांचे तिन्ही कारावास त्याच काळात पडले.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, पुढे शाळाखात्यात अधिकारी झाले. आई दहाव्या वर्षी गेली, वडील सोळाव्या वर्षी. डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून केवळ तालमीत व पोहण्यात घालविले, त्यामुळे परीक्षा हुकली. आमच्यासारख्या मास्तरास हे सांगणे जरा अवघड जाते. परंतु त्या एका वर्षाच्या कमाईवरच पुढे तीन तुरुंग निभले, असे म्हणण्यास जागा आहे. १८७६ साली गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ साली एल्‌एल. बी. झाले. सरकारी नोकरी न धरता विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह त्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि पुढच्याच जानेवारीत केसरी व मराठा ही दोन पत्रे सुरू केली. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि मराठ्याचे टिळक. दोघेही पंचविशीतले, दोघेही शाळामास्तर.

आता कोल्हापूरचे प्रकरण. त्या वेळी गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. १८७१ साली दत्तक आलेले हे महाराज वयाने लहान, म्हणून राज्याचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे या कारभाऱ्यांकडे होता. महाराजांस वेड लागल्याचे सांगितले जाई. त्यांस छळून वेडे ठरविले जात आहे, अशी वदंता करवीरच्या पेठापेठांतून पुण्यामुंबईपर्यंत पसरली होती. केसरी व मराठा यांनी १८८१ च्या अखेरीपासून त्यावर जळजळीत लेख लिहिले आणि कारभाऱ्यांच्या नावाची काही पत्रेही छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टात ती पत्रे बनावट ठरली. दोघा संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तथापि १७ जुलै १८८२ रोजी त्यांस प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

येथे दोन गोष्टी आम्हांस मुद्दाम नोंदवाव्याशा वाटतात. खटला चालू असता दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते उरवणे शेटजी, आणि ते पुढे आले जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. टिळकांचे आणि सत्यशोधकांचे पुढे किती बिनसले हे सर्वांस ठाऊक आहे. पण पहिल्या तुरुंगाच्या दारात हात पुढे आला तो त्या बाजूने. दुसरी गोष्ट आपल्या गावची. या खटल्याच्या मदतीसाठी येथील राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटक करून पैसा उभा केला, आणि त्यांत काम करणाऱ्यांपैकी एक होते गोपाळ कृष्ण गोखले. पुढील आयुष्यात एकमेकांचे कट्टर विरोधक झालेल्या या दोघांचा पहिला संबंध कोल्हापूरच्या रंगभूमीवरून जुळला असे म्हटले तरी चालेल.

पत्रे खोटी ठरली, परंतु महाराजांविषयीची शंका अगदीच निराधार नव्हती. १८८३ च्या २५ डिसेंबरला अहमदनगर येथे ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस. त्यानंतर १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले, तेच आपले राजर्षी शाहू छत्रपती. संपादकांचे मन योग्य जागी होते, पण हाती आलेला कागद पारखून घेतला नाही, म्हणून खऱ्या गाऱ्हाण्याचीही वासलात लागली, असा आमचा या प्रकरणापुरता निवाडा आहे.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांस एकाच खोलीत ठेविले. मजुरी नव्हती, पण शिधा निकृष्ट, ढेकणांचा सुळसुळाट, आणि प्रथम प्रथम वाचण्यालिहिण्यासही काही मिळेना. पुढे ती सवलत झाली. आगरकरांनी त्या खोलीत शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे मराठी रूप सिद्ध केले. तेच विकारविलसित या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. उरलेला वेळ वादात जाई. देशाची स्थिती, धर्म, समाजाची सुधारणा, आणि शाळेपाठोपाठ कॉलेज कसे काढावे, यांवर दोघे रात्री इतक्या मोठ्याने भांडत की पहारेकऱ्यांस दटवावे लागे. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज या दोहोंचा बराचसा विचार त्या खोलीत झाला. ज्या मतभेदांमुळे पुढे ही जोडी फुटली, तेही तेथेच वाढीस लागले. एकोणीस दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे बाहेर आले, तेव्हा टिळकांचे वजन चोवीस पौंडांनी व आगरकरांचे सोळा पौंडांनी उतरले होते. तुरुंगातील या एकशेएक दिवसांची हकीकत आगरकरांनी स्वतंत्र पुस्तकात लिहून ठेवली आहे. आपल्या मोठ्या मुलांनी ती अवश्य वाचावी. रडगाणे तीत कोठेही नाही.

यानंतरची पंधरा वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला, केसरी सर्वस्वी त्यांच्याकडे आला, गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले, रायगडावर शिवरायांच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली, आणि १८९३ साली वेदकालाविषयीचा ओरायन हा ग्रंथ निघाला. मुंबई कायदेकौन्सिलात ते निवडून गेले. १८९७ साल उजाडले ते प्लेगचे. तपासणीच्या नावाखाली पुण्यात जे अत्याचार झाले, त्यांचा शेवट २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाला. त्याच्या आठवडाभर आधी केसरीत आलेल्या शिवोत्सवासंबंधीच्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला. २७ जुलैस अटक झाली. जामीन मिळाला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी व तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोषी म्हटले. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

कौन्सिलाचा सभासद आणि युनिव्हर्सिटीचा फेलो असलेला गृहस्थ एका रात्रीत कैद्याचा पोशाख घालून काथ्याच्या ढिगापुढे बसला. ज्यांनी काथ्या हाती धरला नसेल त्यांस ते काम सोपे वाटेल. नारळाची सोडणे कुटून, पिंजून त्यांचा धागा सुटा करावयाचा. त्याने बोटांची साल निघते, आणि ठरवून दिलेले काम त्या दिवशी पुरे झालेच पाहिजे असा दंडक असतो. जेवणात कांदालसूण असे, तो टिळकांस चालत नसे, म्हणून कोरडी भाकरी आणि पाणी यांवरच पुष्कळ दिवस काढावे लागले. पहिल्या दोनतीन महिन्यांत पंचवीस पौंडांहून अधिक वजन गेले. बाहेर ओरड झाली, तेव्हा डोंगरीहून भायखळ्यास व तेथून येरवड्यास हलविण्यात आले. येरवड्यास रंगखात्यात काम मिळाले, ते त्यामानाने सुसह्य होते.

तुरुंगात राहूनही त्यांनी ग्रंथ लिहिले असे जे सर्रास सांगितले जाते, ते या दुसऱ्या कारावासास मुळीच लागू पडत नाही. सक्तमजुरीच्या त्या आरंभीच्या महिन्यांत टिळकांकडून एक ओळही लिहून झालेली नाही. दिवसभर कुटून थकलेल्या हाताने लिहिता येत नाही, आणि दिव्याशिवाय वाचता येत नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे. अक्षराचा मार्ग मोकळा झाला तो बाहेरून. जर्मन पंडित मॅक्सम्युल्लर इंग्लंडात होते. त्यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत तुरुंगात धाडली. ती वापरण्याची, तसेच रात्री काही तास दिवा ठेवण्याची परवानगी सरकारने दिली. मॅक्सम्युल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी सुटकेसाठी विनंतीअर्ज केला, आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी काही अटींवर टिळक सुटले. त्या रात्रीच्या वाचनातून आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आकारास आला, १९०३ साली छापला गेला. उत्तरध्रुवाचा तो सिद्धांत विद्वान आज मानीत नाहीत. परंतु प्रस्तावनेत टिळकांनी त्या दिव्याचा उल्लेख आवर्जून केला आहे, आणि तो आम्हांस ग्रंथातील सिद्धांताइतकाच महत्त्वाचा वाटतो.

येरवड्याची आणखी एक आठवण. रँडच्या वधाबद्दल फाशीची शिक्षा झालेले दामोदर चाफेकर त्याच तुरुंगात होते. वरिष्ठांकडे करावयाचा अर्ज लिहिण्यात टिळकांनी त्यांस साहाय्य केले व गीतेची प्रतही दिली. १८ एप्रिल १८९८ रोजी चाफेकर फाशी गेले तेव्हा ती प्रत त्यांच्या हाती होती.

पुढच्या दशकाविषयी कोल्हापूरकरांच्या मनात एक सल आहे, त्यास बगल देऊन हे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात टिळकांनी शाहू छत्रपतींच्या विरुद्ध बाजू घेतली. मुलींच्या उच्च शिक्षणाविषयीही त्यांचे मत संकुचित होते. ज्या पुरुषाने तुरुंगात दिव्याच्या दोन तासांचे मोल जाणले, त्याने दिवा ज्यांच्या घरी कधी लागलाच नाही त्यांचा विचार तितक्या तळमळीने केला नाही, असे आम्हांस वाटते. तो विचार केला आपल्या महाराजांनी. १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. आमच्या आधीच्या पिढीतील अनेकांच्या घरात पहिले अक्षर आले ते त्या हुकुमाने. टिळकांचे मोठेपण यामुळे कमी होते असे आम्ही म्हणत नाही. हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी लिहिला पाहिजे.

वंगभंगानंतर देशाची हवा तापली. १९०८ च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला. त्यावर केसरीत लिहिलेल्या लेखांबद्दल २४ जूनला मुंबईस सरदारगृहात टिळकांस पकडण्यात आले. या वेळी न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम चालविले होते! टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. ते भाषण दिवसामागून दिवस मिळून एकवीस तासांवर चालले. ज्यूरी सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड ही शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांस सहा दिवस या हिशेबाने काम बंद ठेविले, गोळ्याही खाल्ल्या. यांतील बहुतेकांस केसरी वाचता येत नव्हता. तो त्यांना चाळीत कोणीतरी वाचून दाखवीत असे. रशियाच्या लेनिनने देखील या संपाची दखल घेऊन लिहिले.

त्याच साली कोल्हापुरातही राजद्रोहाचा खटला झाला, तो येथील वाचकांनी विसरू नये. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या विश्ववृत्त मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख आला. त्याबद्दल विजापूरकर आणि संपादक वामन मल्हार जोशी यांस शिक्षा झाल्या. वामनरावांच्या वाट्यास तीन वर्षांची सक्तमजुरी आली. हेच वामनराव पुढे रागिणी कादंबरीचे कर्ते म्हणून महाराष्ट्रास प्रिय झाले. त्यांची कादंबरी तुरुंगातून सुटून काही वर्षे लोटल्यानंतर वाचकांपुढे आली, हे येथे ध्यानात ठेवावे.

टिळकांस प्रथम साबरमतीस नेले. वयाची बावन्न वर्षे पुरी झालेली, मधुमेह जडलेला. सरकारने काळ्या पाण्याची शिक्षा बदलून साधी कैद केली आणि सप्टेंबर १९०८ मध्ये त्यांस ब्रह्मदेशात मंडालेस पाठविले. या एका बदलाचे महत्त्व किती, ते समजण्यासाठी अंदमानाकडे पाहावे. तेथे १९११ साली गेलेल्या विनायकराव सावरकरांस कोलूला जुंपण्यात आले. दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल तेल काढण्याची सक्ती होती. तेथेही सावरकरांनी निरक्षर कैद्यांस अक्षर शिकविण्याचा उद्योग केला, कैद्यांसाठी ग्रंथसंग्रह उभा करविला, हे खरे. पण ते तरुण होते. बावन्न वर्षांचा मधुमेही माणूस कोलूवर किती महिने टिकला असता, याचा अंदाज कोणीही करावा. गीतारहस्य आज आपल्या घरी आहे ते टिळकांच्या बुद्धीमुळे तर खरेच, परंतु त्यांच्या अंगावरून मजुरी उतरली होती, म्हणूनही आहे.

मंडालेची ती बराक लाकडी होती. भिंतींच्या जागी लाकडी गज; उन्हाळ्यात आग, धुळीचे लोट, पावसाळ्यात झड आणि थंडीत बोचरा वारा. पुढे १९२५ साली सुभाषबाबू बोस यांस मंडालेस ठेवले होते. ती जागा पाहून अशा ठिकाणी टिळकांनी सहा वर्षे कशी काढली आणि वर ग्रंथ कसा लिहिला, याचे त्यांस मोठे नवल वाटले. महिन्यास एक पत्र घरी लिहिता येई. वाचावयास पुस्तके मिळत, पण राजकारणाची नाहीत, वर्तमानपत्र नाही. हळूहळू पुण्याहून मागविता मागविता चारशेच्या आसपास ग्रंथ जमले. जर्मन व फ्रेंच भाषांचे शिक्षण त्यांनी पुस्तकांच्या आधारे स्वतःच घेतले, पाली शिकले. मूळ ग्रंथ वाचता यावेत एवढाच हेतू. साठीकडे झुकलेल्या वयात हे चालले होते. ज्या पालकांस चाळिशीतच नवे काही शिकण्याचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हे वाक्य आम्ही जरा रेंगाळून लिहीत आहोत.

लिहिण्याचे साधन असे : सुटे कागद मना. बांधलेल्या वह्या मिळत, त्यांची पाने आधी मोजून आकडे घातलेले. शाई नाही, फक्त शिसपेन्सिल. तीही अधिकारी टोक काढून देत. अशा सामग्रीवर १९१० च्या नोव्हेंबरात त्यांनी लेखनास आरंभ केला आणि १९११ च्या मार्चअखेर पंधरा प्रकरणांचा खर्डा पुरा केला. विचार अनेक वर्षांचा होता, लेखन पाच महिन्यांचे. संन्यासापेक्षा निष्काम कर्म श्रेष्ठ, हेच गीतेचे तात्पर्य असा त्यांचा सिद्धांत. कोणतेही काम करण्याची ज्यास मुभा नव्हती, त्या माणसाने तो मांडला.

त्या बराकीत त्यांच्या दिमतीस स्वयंपाकासाठी एक कैदी दिलेला असे. त्यांपैकी एक सातारा जिल्ह्यातील कुलकर्णी आडनावाचा ब्राह्मण कैदी. टिळकांशी मराठीत बोलणारा माणूस असा तोच. पहाटेची प्रार्थना, सातूच्या पिठाचे पथ्य, तासन्‌तास लेखन, आणि जेवताना भाताची शिते टिपावयास निर्भयपणे भोवती जमणाऱ्या चिमण्या, ही मंडालेची दिनचर्या महाराष्ट्रास कळली ती पुढे त्याच्याच तोंडून. टिळकांची कैद साधी, म्हणून त्यांस लेखणी. याची कैद सक्त, म्हणून यास चूल. दोघे एकाच गजांआड.

आणि चूल तरी याच्याच वाट्यास का? तो ब्राह्मण म्हणून. तुरुंगातील स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याकडे, झाडलोट व संडास खालच्या म्हटलेल्या जातींकडे, अशी वाटणी इंग्रजी अमलात रूढ झाली आणि अनेक प्रांतांच्या तुरुंग-नियमावल्यांत ती शब्दशः लिहिली गेली. स्वराज्यानंतरही ती कित्येक राज्यांच्या पुस्तकांत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने असे नियम घटनाबाह्य ठरविले. आपण ज्ञातीच्या नावाने दरवर्षी एकत्र येणारी माणसे आहोत. जातीवरून काम वाटण्याची रीत तुरुंगाच्या भिंतीआडही शिरली होती, हे आपल्या स्मरणिकेत छापले जावे अशी आमची इच्छा आहे. वेतनाचेही तसेच. सक्तमजुरीच्या कैद्यासही त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला दिला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून १९९८ साली झाला. टिळकांच्या काथ्याचा मोबदला शून्य होता.

७ जून १९१२ रोजी पुण्यास सत्यभामाबाई वारल्या. बातमी तारेने मंडालेस गेली. लग्न लहानपणी झालेले, चाळीस वर्षांचा संसार, त्यातला बराच काळ पती कोर्टात अथवा कोठडीत. अखेरचे दर्शन झाले नाही. याविषयी अधिक लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

१९१४ च्या जूनमध्ये त्यांस गुप्तपणे बोटीने मद्रासला व तेथून आगगाडीने पुण्यास आणले, आणि १६ तारखेच्या मध्यरात्री गायकवाड वाड्याच्या दाराशी सोडून दिले. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही याची मंडळींस धास्ती पडली. टिळकांस नव्हती, सर्व मजकूर डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, या भरवशावर ते स्वस्थ होते. अखेर वह्या आल्या. १९१५ च्या जूनमध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले, आणि सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. त्या काळी मराठी ग्रंथाची एक हजाराची आवृत्ती खपावयासही वर्षे लागत.

शेवटची सहा वर्षे होमरूलच्या दौऱ्यांत, लखनौच्या करारात आणि विलायतेतील खटल्यात गेली. तुरुंगाने पोखरलेले शरीर त्या दगदगीस फार दिवस पुरणारे नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी, अटक झाली होती त्याच सरदारगृहात, त्यांनी देह ठेविला. पावसात लाखो लोक लोटले. दहन चौपाटीच्या वाळूत झाले. हिंदुस्थानातील तुरुंगांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचा अहवालही त्याच वर्षी बाहेर आला. शिक्षेचा हेतू कैद्यास सुधारणे हा असावा, तुरुंगांत ग्रंथालये असावीत आणि कैद्यांस लिहावयास वाचावयास शिकवावे, अशी शिफारस तीत होती.